बूट इटलीचा, फिटिंग इन्सब्रुकचे : टेक्निका मॅक1 एमव्ही 120

डब्यातून काढलेला स्की बूट आणि पायावर नीट बसवून घेतलेला स्की बूट या दोन वेगळ्या वस्तू असतात, आणि बाजारात वाचायला मिळणारी बहुतेक परीक्षणे पहिल्या वस्तूची असतात. टेक्निका या इटालियन कंपनीचा मॅक1 एमव्ही 120 हा बूट मी गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमधील एका छोट्या, केवळ बुटांचेच काम करणाऱ्या दुकानातून घेतला आणि पुढे हंगामभर श्टुबाई हिमनदीवर व आक्सामर लित्सुमच्या उतारांवर वापरला. त्यामुळे हे परीक्षण बुटाचे जितके आहे तितकेच त्याच्या फिटिंगचेही आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. बूट उत्तम आहे, परंतु त्याच्या किमतीच्या निम्मी रक्कम फिटिंगसाठी बाजूला ठेवण्याची तयारी नसेल तर तो घेऊ नये; त्याऐवजी एक पायरी खालचा बूट घ्यावा आणि वाचलेले पैसे फिटरला द्यावेत.

माझ्या पायांची ठेवण अनेक मराठी वाचकांना ओळखीची वाटेल. लहानपण अनवाणी आणि चपलांत गेल्यामुळे चवडा पसरट आहे, टाच मात्र बारीक आहे आणि उभे राहिले की तळव्याची कमान जमिनीला टेकते. म्युनिकच्या एका मोठ्या दुकानात असा पाय पाहताच विक्रेत्याने तो न मोजता सर्वांत रुंद बूट पुढे केला होता, आणि तो बूट दुकानात उभ्या उभ्या खरोखरच सुखाचा वाटत होता. स्की बुटाच्या बाबतीत दुकानातले हे सुख फसवे असते. उतारावर वळण घेताना शरीराचा भार नडगीवरून बुटाच्या जिभेवर आणि तेथून स्कीच्या टोकाकडे जायला हवा. टाच आत जराशी जरी उचलली गेली तरी तो भार मध्येच विरतो, पाय स्थिर ठेवण्यासाठी बोटे आपोआप आकसतात आणि दुपारपर्यंत तळव्याला पेटके येऊ लागतात. मग बकल आणखी आवळले जाते, रक्तपुरवठा रोखला जातो, आणि माणूस समजतो की बूट घट्ट आहे. प्रत्यक्षात तो सैल असतो.

इन्सब्रुकच्या दुकानात पहिला बराच वेळ एकही बूट समोर आला नाही. फिटिंग करणाऱ्या बाईंनी दोन्ही पाय आधी बसलेल्या आणि मग उभ्या स्थितीत मोजले, चवड्याची रुंदी व पायाच्या वरच्या उंचवट्याचा घेर घेतला, पिंढरी कोठे सुरू होते ते पाहिले आणि टाच जमिनीवर ठेवून गुडघा किती पुढे जातो हे दोनदा तपासले. ही शेवटची चाचणी मला नवीन होती. ज्याचा घोटा पुढे कमी वाकतो त्याला पुढे झुकलेल्या बुटात टाच उचलूनच उभे राहावे लागते. अशा माणसाला टाचेखाली काही मिलिमीटरांची पाचर दिली की जे काम महागडा लायनर, म्हणजे बुटाच्या आतले मऊ अस्तर, करू शकत नाही ते होऊन जाते. माझा घोटा पुरेसा वाकतो, त्यामुळे पाचरीची गरज पडली नाही.

स्की बुटाचे माप मोंडोपॉइंट पद्धतीने, म्हणजे पायाच्या सेंटिमीटरमधील लांबीने सांगतात. माझा उजवा पाय उभ्या स्थितीत 26.7 सेंटिमीटर भरला, डावा त्याहून किंचित लहान, आणि मला 26.5 मापाचा बूट देण्यात आला. पायाहून लहान आकडा पाहून कोणीही दचकेल. पण बुटाचे बाहेरचे प्लास्टिकचे कवच, ज्याला शेल म्हणतात, ते पूर्ण मापांतच बनते. 26 आणि 26.5 या दोन मापांचे शेल एकच असते आणि फरक असलाच तर आतल्या लायनरमध्ये किंवा तळपट्टीत असतो. त्यामुळे अर्ध्या मापावर दुकानदाराशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. खरी परीक्षा शेलची असते. लायनर काढून टाकायचा, उघडा पाय शेलमध्ये घालून बोटे पुढच्या भिंतीला हलकेच टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहायचे. हौशी स्कीयरसाठी 15 ते 20 मिलिमीटर योग्य मानतात, शर्यतीत उतरणारे 10 मिलिमीटरहूनही कमी ठेवतात, आणि 25 च्या पुढे गेले तर बूट मोठा आहे असे समजून परत करावा. बाईंनी विजेरी लावून एक गोल लाकडी काडी माझ्या टाचेमागे सरकवली. ती हलक्या हाताने अडकली, आणि मापाचा विषय तेथेच संपला.

रुंदीच्या बाबतीत मात्र चर्चा लांबली. मॅक1 तीन रुंदींत मिळतो: एलव्ही 98 मिलिमीटर, एमव्ही 100 आणि एचव्ही 103. हे आकडे ज्या कळबुतावर बूट घडवला जातो त्याच्या चवड्यापाशी, 26.5 या मापात घेतलेले असतात; माप लहान झाले की रुंदीही घटते. माझा चवडा भार टाकल्यावर 104 मिलिमीटर भरतो, म्हणजे सरळ हिशेबाने एचव्ही घ्यायला हवा. तो पायात घालून पाहिला तेव्हा चवड्याला आराम होता, पण पुढे झुकताच टाच सुटली. रुंद बूट केवळ चवड्यापाशी रुंद नसतो. घोट्याभोवतीची आणि टाचेची पोकळीही त्याच प्रमाणात मोठी होते. प्लास्टिक तापवून बाहेर ढकलता येते, आत ओढता येत नाही. म्हणून फिटरचा कल नेहमी टाच आणि घोटा जेथे पकडला जातो तो बूट निवडून चवड्यापाशी जागा करण्याकडे असतो. एमव्हीची निवड अशी झाली, आणि या संपूर्ण खरेदीतला सर्वांत मोलाचा निर्णय तोच होता असे मला वाटते.

फ्लेक्सच्या आकड्याला आपण नको इतका मान देतो. 120 हा आकडा बूट पुढे वाकवायला किती जोर लागतो याचा निर्देश करतो, पण त्याच्यामागे सर्व कंपन्यांना बांधील असे कोणतेही मानक नाही. एका कंपनीचा 110 दुसऱ्या कंपनीच्या 120 ला भारी पडू शकतो. शिवाय थंडीत प्लास्टिक ताठरते, त्यामुळे वीस अंशांच्या दुकानात बेताचा वाटलेला बूट उणे दहा अंशांत अडमुठा होतो. वजन, उंची, पिंढरीची ताकद आणि कौशल्य पाहून मध्यम दर्जाच्या पुरुष स्कीयरला 100 ते 120 पुरेसे होते, नवशिक्याला त्याहून कमी. महिलांच्या बुटांत कफ, म्हणजे नडगीभोवतीचा वरचा भाग, कमी उंचीचा असतो, कारण पिंढरीचा स्नायू सहसा अधिक खालपर्यंत येतो. केवळ रंग बदलून विकलेला बूट आणि खरोखर महिलांच्या पायासाठी केलेला बूट यांतला फरक तेथे पाहावा.

शेलला हात लावण्याआधी इनसोल, म्हणजे तळव्याखाली बसणारी आतली पट्टी, तयार झाला, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे. माझ्यासारखा सपाट होणारा पाय भाराखाली काही मिलिमीटर लांबतो, रुंदावतो आणि आतल्या बाजूला कलंडतो, त्यामुळे कमानीच्या वरचे हाड शेलच्या भिंतीवर घासू लागते. आधी शेल फुगवला आणि मग इनसोल घातला, तर पाय आपली जागा बदलतो आणि केलेले काम भलत्याच ठिकाणी राहते. बाईंनी तापवलेली पट्टी मऊ उशांवर ठेवून, अर्धा भार टाकायला सांगून, पायाचा साचा घेतला. कमानीला आधार देणारी कडक कमान त्यात नव्हती. पाय जेथे स्वाभाविकपणे स्थिर होतो तेथे त्याला धरून ठेवणे एवढेच इनसोलचे काम, असे त्यांचे म्हणणे. इनसोल घालून उभा राहिलो तेव्हा आतल्या हाडावरचा दाब निम्म्याहून कमी झाला होता. यासाठी वेगळे शंभर-दीडशे युरो मोजावे लागतात, आणि माझ्या मते उघड कमान असलेल्या, न कलंडणाऱ्या पायाला तयार मिळणारा चांगला इनसोलही चालून जाईल. त्या दुकानात मात्र सगळ्यांनाच साच्याचा इनसोल सुचवला जात होता, हे खटकले.

आता शेलच्या कामाकडे येतो, कारण मॅक1 ची खरी ख्याती त्यासाठी आहे. शेलच्या ज्या भागांवर हमखास दाब येतो, म्हणजे घोट्याची हाडे, कमानीच्या वरचे हाड आणि करंगळीच्या मागे पायाच्या बाहेरच्या कडेला येणारा हाडाचा उंचवटा, तेथे कंपनीने पृष्ठभागावर बारीक खळ्यांची नक्षी केली आहे. त्या भागातले प्लास्टिक तापवायला, ढकलायला आणि घासायला सोपे जावे हा त्यामागचा हेतू. लायनरलाही तशीच नक्षी आहे आणि तोही तापवून व घासून आकारता येतो. शेल पॉलियुरेथेन प्रकारच्या प्लास्टिकचा आहे. या प्लास्टिकचे वजन अधिक असते, एकेक बूट दोन किलोंच्या आसपास जातो, पण ते दिलेला आकार चांगला धरून ठेवते आणि खडबडीत बर्फावरचे हादरे गिळते. डोंगर चढून जाण्यासाठीच्या हलक्या टूरिंग बुटांत वापरले जाणारे ग्रिलामिड थंड झाल्यावर पुन्हा मूळ आकाराकडे सरकू पाहते, त्यामुळे ते हवे त्याहून जास्त ढकलावे लागते. अगदी स्वस्त बुटांतल्या पॉलिप्रॉपिलिनवर असे काम करायला अनेक फिटर तयारच होत नाहीत.

काम पाहण्यासारखे होते. करंगळीमागच्या हाडावर बाईंनी लाल लिपस्टिकचा ठिपका दिला आणि पाय उघडाच शेलमध्ये घालायला लावला. पाय बाहेर काढल्यावर आतल्या भिंतीवर उमटलेला डाग हेच ढकलण्याचे ठिकाण. मग हीट गनने तो भाग बाहेरून गोल गोल फिरवत तापवला, आतून लोखंडी गोळा आणि बाहेरून कडे असलेला शिकंजा लावून हळूहळू आवळला, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिकंजा तसाच ठेवून बूट पूर्ण गार होईपर्यंत बाजूला ठेवून दिला. घाईच्या दुकानात नेमकी हीच पायरी तोडली जाते आणि आठवड्याभरात दुखणे परत येते. आतल्या बाजूच्या हाडासाठी त्यांनी ढकलण्याऐवजी घासणे पसंत केले: फिरत्या कानशीने आतून जेमतेम मिलिमीटरभर प्लास्टिक उतरवले. घासणे कायमचे असते, आणि भिंत मुळात काही मिलिमीटरांचीच असते, म्हणून दर वेळी थोडे उतरवून पाय पुन्हा घालून पाहायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. चवड्यापाशी दोन्ही बाजूंना मिळून चारएक मिलिमीटर जागा झाली. लायनर सर्वांत शेवटी तापवला गेला.

उभे राहण्याच्या कोनांबद्दल हौशी लोक फारसे बोलत नाहीत, पण कामगिरीतला फरक मला तेथेच सर्वाधिक जाणवला. कफच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू सैल करून कफ पायाच्या नैसर्गिक वळणाशी जुळवला. नडगी किंचित बाकदार असेल तर यामुळे कफच्या दोन्ही कडांना सारखी जागा मिळते. याला कँटिंग म्हणून विकणारे पुष्कळ आहेत, पण खरे कँटिंग वेगळे. गुडघ्याच्या मध्यातून ओळंबा सोडला असता तो बुटाच्या मध्यरेषेच्या किती आत किंवा बाहेर पडतो ते पाहून संपूर्ण तळ एक-दोन अंशांनी तिरपा करावा लागतो. त्यासाठी तळ रंधून घेतला, तर बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीत, बसणारी पुढची कड पुन्हा 19 मिलिमीटर आणि मागची कड 30 मिलिमीटर जाडीवर आणावी लागते, कारण अल्पाइन, म्हणजे उतारावरच्या नेहमीच्या स्कीइंगच्या, तळाचे आयएसओ 5355 हे मानक केवळ एका मिलिमीटरची सूट देते; त्यापलीकडे गेल्यास पडल्यावर बाइंडिंग वेळेवर सुटेल याची खात्री राहत नाही. माझा ओळंबा एक अंशाच्या आतच फरक दाखवत होता, म्हणून बाईंनी कँटिंगला स्वतःहून नकार दिला. ज्या कामाचे पैसे मिळाले असते ते काम नाकारणाऱ्या दुकानावर माझा विश्वास बसतो.

याच ओघात एक सावधगिरी. या बुटाला ग्रिपवॉक तळ येतो, जो चालायला सोयीचा, पुढून किंचित गोलसर आणि रबराचा असतो. जुन्या अल्पाइन बाइंडिंगमध्ये तो चालेलच असे नाही. ग्रिपवॉकची खूण असलेली बाइंडिंग असावी, अन्यथा बदलीचा सपाट तळ लावून घ्यावा, आणि दोन्ही प्रसंगी बाइंडिंगचा पुढचा दाब तंत्रज्ञाकडून पुन्हा जुळवून घ्यावा.

उतारावरचा अनुभव सांगायचा तर श्टुबाईवर सकाळच्या कडक, रात्रभर गोठलेल्या पट्ट्यावर बुटाची योग्यता लगेच कळते. वळणाच्या सुरुवातीला नडगीने जिभेवर दाब दिला की स्कीची कड ताबडतोब बर्फात शिरते. पूर्वी बूट आधी हलायचा आणि मग स्की, तो मधला विलंब गेला. बूट एकसारखा, धक्का न देता वाकतो. तीव्र उतारावर, थकल्यावर, मागे बसण्याची जी सवय लागते ती या बुटात तितकी लागत नाही, कारण टाच जागची हलत नाही. आरंभी उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेला मुंग्या येत होत्या. दुकानाने हंगामभर फेरफार मोफत देण्याचे कबूल केले होते, त्याप्रमाणे तेथे आणखी थोडे ढकलून दिले आणि त्रास थांबला. फिटिंग एका बैठकीत पुरे होते असे समजून कोणी सुट्टीच्या पहिल्या दिवशी बूट घेऊ नये. खरेदी आणि उतार यांच्यात परत येण्याची सवड असायला हवी, आणि इन्सब्रुकसारख्या गावात, जेथून हिमनदी तासाभरावर आहे, हे सहज जमते.

थंडीत बूट पायात घालणे त्रासाचे आहे. सगळ्याच जाड पॉलियुरेथेन बुटांची ही तक्रार असते. रात्री गाडीच्या डिकीत ठेवलेला बूट सकाळी उघडतच नाही. तो खोलीत उबेला ठेवावा. बकल आवळण्याचाही क्रम असतो: आधी टाच मागे आपटून घ्यावी, घोट्यावरचे बकल आणि वरचा पट्टा लावावा, गुडघे काही वेळा पुढे वाकवावेत आणि मग उरलेली बकले लावावीत. चवड्यावरची दोन बकले केवळ शेल बंद ठेवण्यापुरती असतात. त्यांनी पाय आवळायचा नसतो. 2023-24 च्या हंगामापासून काही कंपन्यांनी खालच्या बकलांच्या जागी चकती फिरवून आवळायची बोआची तार आणली आहे, जी पायावर दाब अधिक समान पसरवते. मी ती दुकानात घालून पाहिली आणि छान वाटली, पण ती चुकीच्या मापाच्या शेलला योग्य करू शकत नाही. मूळचा वरचा पट्टा मी काढून लवचीक पट्टा लावून घेतला. त्यामुळे बूट वाकताना सुरुवातीचा कडकपणा मऊ झाला.

मोज्यांबद्दल घरच्यांशी माझे मतभेद आहेत. लोकरीचे जाड, दुहेरी मोजे पाय गरम ठेवतात हा समज आपल्याकडे पक्का आहे, आणि पुण्याहून दर दिवाळीत येणाऱ्या पार्सलात तसा एक जोड असतोच. स्की बुटात मात्र एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा, मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक मोजा घालावा. जाड मोज्यामुळे दाब वाढतो, रक्त फिरत नाही, आणि पाय गार पडतात. पुण्याचे मोजे मी रात्री घालतो.

ज्यांना गुलमर्गला भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेच्या किंवा औलीला गढवाल मंडल विकास निगमच्या शिकाऊ वर्गाला जायचे आहे, त्यांनी यातले काहीच विकत घेऊ नये. तेथे बूट भाड्याने किंवा वर्गासोबत मिळतात, आणि शिकणाऱ्याला तेवढे पुरते. पण आपल्या पायाची सेंटिमीटरमधील लांबी भिंतीला टाच लावून घरीच मोजून जावी, पातळ मोजे सोबत न्यावेत, आणि रांगेत मागचे कितीही घाई करोत, लायनर बाहेर काढून टाचेमागे दोन बोटांहून अधिक जागा नाही ना हे पाहूनच बूट स्वीकारावा. गुडघे पुढे वाकवल्यावर टाच सुटत असेल तर एक माप लहान मागावे.

खर्चाचा अंदाज द्यायचा तर बुटाची छापील किंमत साडेपाचशे युरोंच्या आसपास असते, हंगाम संपताना ती बरीच उतरते. इंटरनेटवरून शंभर-दीडशे युरो वाचतात हे खरे, पण बाहेरून आणलेल्या बुटावर काम करायला फिटर प्रत्येक कामाचे वेगळे पैसे लावतात आणि मोफत फेरफाराची हमी मिळत नाही; माझ्या पायासारखा पाय असेल तर तो हिशेब उलटा पडतो. ज्याचा पाय अरुंद आणि साधा आहे, ज्याला आपले माप आधीच ठाऊक आहे, त्याने खुशाल बाहेरून घ्यावा. दुकानाची उणीव एवढीच की डिसेंबरपासून वेळ मिळत नाही, ऑक्टोबरमध्ये जावे.

लायनर वापरून दबतो, आणि मग टाच पुन्हा हलू लागते. माझ्या लायनरला अजून अवकाश आहे. तो बदलण्याची वेळ आली की व्हँकूव्हरच्या इंट्युइशन कंपनीचा तापवून घडवायचा फोमचा लायनर घालायचा, असे बाईंनी सुचवले आहे. तो हलका आणि उबदार असतो, आणि शेल शाबूत असल्याने नवा बूट घ्यावा लागत नाही. मात्र ग्रिपवॉकचा टाचेकडचा रबरी तुकडा हॉटेलपासून लिफ्टपर्यंतच्या डांबरावर झिजू लागला आहे, तो पुढच्या हंगामाआधी बदलून घ्यावा लागेल.